मांडे

आमच्या मराठीच्या गुरुजींची एक पद्धत होती. दर शनिवारी शेवटच्या तासाला ते फळ्यावर दहा वाक्प्रचार लिहीत आणि आम्ही वहीत त्यांचे अर्थ देऊन वाक्ये करीत असू. मी तेव्हा सहावीत होतो. फाल्गुन महिन्यातला तो शनिवार मला अजून आठवतो. फळ्यावरचा सातवा वाक्प्रचार होता, ‘मनातले मांडे खाणे’. त्याचा अर्थ मला पाठ होता: व्यर्थ मनोराज्य करणे. वाक्यही पाठ होते, कारण थोरल्या भावाच्या जुन्या वहीत मी ते वाचून ठेवले होते: ‘अभ्यास न करता गोपाळ पहिल्या क्रमांकाचे मनातले मांडे खात बसला.’ गुरुजींनी माझी वही पाहिली, बरोबरची खूण केली आणि मग त्यांच्या मनात काय आले कोणास ठाऊक, वर्गाकडे वळून त्यांनी विचारले, “मांडे खाल्ले आहेत का कोणी? मनातले नव्हेत, ताटातले.”

वर्ग चिडीचूप झाला. शेवटच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, “गुरुजी, मांडे म्हणजे मांडीचे अनेकवचन.”

“मांडीचे अनेकवचन मांड्या,” गुरुजी म्हणाले, “आणि मांड्या कोणी खात नाही.”

वर्गात हशा पिकला. गुरुजीही हसले. मग त्यांनी सांगितले की मांडा हे एक पक्वान्न आहे, गव्हाचे आणि गोड. परंतु खरे सांगायचे तर ते त्यांनीही कधी चाखले नव्हते. “माझ्या आजीच्या तोंडून मी फक्त नाव ऐकले आहे,” असे म्हणून त्यांनी फळ्यावर आणखी एक म्हण लिहिली, ‘मनात मांडे, पदरात धोंडे’. तेवढ्यात घंटा झाली.

घरी जाताना माझ्या डोक्यात तो शब्द घोळत राहिला. जो पदार्थ गुरुजींनी पाहिला नाही, आमच्यापैकी कोणी पाहिला नाही, तो आमच्या सर्वांच्या वहीत मात्र नेमका लिहिलेला होता, आणि त्याला गुणही मिळत होते! मी माझ्यापुरता एक अर्थ लावून टाकला. ‘मांडणे’ या क्रियापदापासून ‘मांडे’. मनात जे मांडले, ते मांडे.

हा तर्क काही अगदीच वेडगळ नव्हता. आमच्या घरी ‘मांडणे’ या शब्दाला दिवसभर उसंत नसे. सकाळी वडील पूजा मांडीत. आई पाट मांडी, ताटे मांडी आणि घासलेली भांडी लाकडी मांडणीवर उतरत्या क्रमाने मांडून ठेवी. धाकटी बहीण जिन्याखाली भातुकली मांडी. रात्री वडील कंदिलाजवळ बसून महिन्याचा हिशेब मांडीत, आणि तो कधी जुळत नसे. शाळेत आम्ही गणित मांडत असू, वादविवादाच्या स्पर्धेत बाजू मांडत असू. लग्न झालेली माणसे संसार मांडतात आणि भांडलेले भाऊ वेगळी चूल मांडतात, हेही कानावर येई. म्हणजे जिथे काही नीटनेटके रचायचे असेल तिथे हा शब्द हजर. परंतु गंमत अशी की, मी आणि भाऊ सोंगट्यांच्या डावावरून हातघाईवर आलो, सोंगट्या घरभर उधळल्या, की आई स्वयंपाकघरातून ओरडे, “हे काय मांडले आहे दोघांनी?” तिथे तर काहीच मांडलेले नसे, सगळे विखुरलेले असे! एकदा मी या प्रश्नाला ‘डाव’ असे सरळ उत्तर दिले आणि पाठीत धपाटा खाल्ला. छळ मांडणे, उच्छाद मांडणे, थट्टा मांडणे ही सारी त्याच कुळातली मंडळी. एकच शब्द देवघरात एका अर्थाने वावरतो आणि भांडणात दुसऱ्या.

असो. मांडे प्रत्यक्ष पाहिलेले, इतकेच नव्हे तर स्वतःच्या हातांनी केलेले एक माणूस आमच्याच घरात होते, हे मात्र मला माहीत नव्हते.

ते माणूस म्हणजे माझी आजी. आम्ही तिला मोठी आई म्हणत असू. तिचे गाव खानदेशात, गिरणा नदीच्या काठी. आजोबा वारल्यावर वडिलांनी तिला पुण्याला आमच्याकडे आणले. वाड्यातल्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. ती आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती आणि गोधडीत गुंडाळलेले एक मोठे मातीचे भांडे होते. त्याला ती ‘खापर’ म्हणे. ते ठेवायला जागा नव्हती म्हणून आईने ते माळ्यावर चढवले. त्यानंतर ते कोणी खाली काढले नाही.

मोठ्या आईला दिवसभर फारसे काम नसे. संध्याकाळी दिवा लागला, शुभंकरोती झाली, की ती भिंतीला टेकून बसे आणि गावाविषयी बोलू लागे. “पुढच्या आखाजीला आपण गावी जाऊ. घर शाकारून घेऊ. पुढे लांब ओटा बांधू. ओट्यावर सगळ्यांची अंथरुणे घालायची. मळ्यातल्या आंब्याखाली झोका बांधू. तुझ्या आत्यांना आणू.” आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात हा सण दिवाळीच्या तोलाचा मानतात. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. घरात पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून पूजतात. हे सगळे ती इतक्या वेळा सांगे की कोणत्या वाक्यानंतर कोणते वाक्य येणार ते मला ठाऊक झाले होते. बाकीचे आपापली कामे करीत असत. वडील वर्तमानपत्र वाचीत. ‘हं’ एवढाच हुंकार कधी त्यांच्याकडून येई.

त्या शनिवारी संध्याकाळी तिने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. ओट्यापर्यंत आली. माझ्या खिशात नवी म्हण होती, आणि नवे नाणे हातात आले की ते खर्च करण्याची कोण घाई होते हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी मोठ्याने म्हणालो, “मोठ्या आई, मनात मांडे, पदरात धोंडे!”

मला वाटले होते, सगळे हसतील. कोणी हसले नाही. आईचा हात पोळपाटावर थांबला. वडिलांनी वर्तमानपत्र तोंडासमोर इतके वर धरले की त्यांचा चेहरा दिसेना. मोठी आई माझ्याकडे पाहत राहिली. रागावली नाही. तिने हळूच विचारले, “बापू, मांडे खाल्लेस का रे कधी?”

“नाही.”

“मग धोंड्यांची चव तुला कुठून कळली?”

एवढे बोलून ती उठली आणि अंथरुणावर जाऊन पडली. त्या दिवशी ओट्याच्या पुढची गोष्ट झाली नाही. दुसऱ्या दिवशीही झाली नाही. त्यानंतर दिवा लागला की ती माळ घेऊन बसे आणि गावाचे नाव काढीत नसे. आतापर्यंत तिच्या बोलण्याचा मला कंटाळा येत असे. आता ते थांबल्यावर संध्याकाळ फार लांबलचक वाटू लागली. वाड्यातले इतर आवाज घरात शिरू लागले. कोणाचा तरी नळ, कोणाचा तरी रेडिओ.

चार-पाच दिवसांनी आईने मला तांदूळ निवडायला बसवले आणि खालच्या आवाजात सांगितले, “तू बोललास ते तुझ्या वडिलांना लागले आहे. गावचा मळा आता आपला नाही. त्यांच्या शिक्षणाच्या वेळी मोठ्या आईनेच आजोबांच्या मागे लागून तो विकायला लावला. घराचीही भिंत पडली आहे. तिला हे सगळे ठाऊक आहे, आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.”

मी तांदळात बोटे फिरवत राहिलो. ठाऊक असूनही ती रोज आंब्याखाली झोका बांधीत होती! गोपाळाचे ते वाक्य आणि मोठी आई यांचा काही संबंध आहे असे मला वाटेना. वाक्प्रचार मात्र दोघांना एकच लागू पडत होता.

क्षमा कशी मागावी हे मला त्या वयात कळत नसे. अजूनही नीट कळते असे नाही. मी दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, “मोठ्या आई, मांडे कसे करतात?”

तिने माळ ओढणे थांबवले नाही. “ते इथे होत नाहीत.”

“का?”

“मांड्यांना चूल लागते. स्टोव्हवर काय होणार? खापर लागते. आणि मन लागते.” थोडा वेळ गेला. मग तीच म्हणाली, “खापर आहे म्हणा.”

हे संभाषण दारात उभ्या असलेल्या बेळगावच्या काकूंनी ऐकले. समोरच्या खोलीत राहणाऱ्या या काकू अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या कानडीत बोलत, आणि विचारल्याशिवाय मत देण्यात त्यांचा हातखंडा होता. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, “मांडे ना? त्यात काय आहे? लाटायचे पातळ, आत पिठीसाखर, खसखस, वेलदोडा भरायचा, पालथ्या कढईवर टाकायचे आणि गरम आहेत तोवर घडी घालायची. आमच्याकडे लग्नात मांड्यांवाचून रुखवत होत नाही.”

मोठी आई ताठ बसली. “साखर? मांड्यात पुरण असते.”

“पुरण घातले तर ती पुरणपोळी झाली.”

“पोळी लाटतात. मांडा हातावर करतात. लाटणे लावले तर तो मांडा कसला?”

“आमचा मांडा आठ दिवस टिकतो हो, कुरकुरीत राहतो.”

“आमचा टिकत नाही,” मोठी आई म्हणाली, “कारण उरत नाही.”

कितीतरी दिवसांनी मी तिला अशी बोलताना पाहत होतो. वाद बराच वेळ चालला. त्यात काकूंनी एक गोष्ट सांगितली ती मला फार नवलाची वाटली. कानडीत मांड्यांना ‘मंडिगे’ म्हणतात, आणि तिकडेही जो माणूस रिकामी स्वप्ने पाहतो तो मनातल्या मनात ‘मंडिगे’च खातो. दोन निराळ्या भाषा, परंतु स्वप्नात खाण्याचा पदार्थ एकच! साधी भाकरी कोणी मनात खात नाही. ज्याला फार खटपट लागते, जे सणासुदीलाच ताटात येते, तेच माणूस मनात खात असावे.

हा वाद त्या दोघींना सुटला नाही. पुष्कळ वर्षांनी मला त्याचे उत्तर एका जुन्या ग्रंथात अर्धे सापडले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होऊन गेला. त्याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा मोठा संस्कृत ग्रंथ आहे. राज्यकारभारापासून संगीतापर्यंत अनेक विषय त्यात आहेत आणि राजाच्या जेवणाचेही सविस्तर वर्णन आहे. त्या जेवणात गव्हाचा ‘मण्डक’ आहे. म्हणजे आमचा मांडा निदान नऊशे वर्षांचा झाला. त्या राजाची कल्याणी म्हणजे आज कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मराठी आणि कानडी बोलणारी माणसे तिथे शेजारी शेजारी राहतात. मग मांडा खानदेशचा की बेळगावचा, हे भांडण कोणत्या न्यायाधीशापुढे मांडायचे?

शब्दकोश उघडला तर आणखी मौज दिसते. मोल्सवर्थ या इंग्रज गृहस्थाने मराठी पंडितांच्या साहाय्याने रचलेला मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली. असा कोणताही जुना कोश घ्या. मांड, मांडणी, मांडणे, मांडलिक, मांडव, मांडा, मांडी ही सारी मंडळी एकाच पानाच्या आसपास, एखाद्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखी राहतात. नावे सारखी असली म्हणून ती सगळी एका आईची लेकरे असतीलच असे नाही. मांडणे हा शब्द संस्कृतातल्या ‘मण्ड्’ म्हणजे सजवणे या धातूपासून आला; राजस्थानात अंगणात पांढऱ्या रंगाने नक्षी काढतात, तिला ‘मांडणा’ म्हणतात, तोही त्याच घरचा. मांडव आला तो ‘मण्डप’ या शब्दापासून, मांडलिक ‘मण्डल’ या शब्दापासून आणि मांडा ‘मण्डक’ या शब्दापासून. घोडेस्वार घोड्यावर बसतो ती त्याची ‘मांड’. ती पक्की असेल तर घोडा कितीही उधळला तरी स्वार पडत नाही. गोव्यात जावे तर ‘मांड’ म्हणजे गावाची एक पवित्र जागा, शिगम्याचे खेळ जिथे होतात ती. आणि ‘मांडो’ म्हणजे तिथला एक संथ, गोड गीतप्रकार. संगीतात ‘मांड’ नावाचा एक रागही आहे, तो राजस्थानच्या वाळवंटातून आला आहे. कानडीत ‘मंडी’ म्हणजे गुडघा. शेवटच्या बाकावरच्या आमच्या मित्राने मांडे आणि मांडी यांची गाठ घातली तेव्हा आम्ही हसलो होतो. पण कोशात त्या दोघांची दारे समोरासमोर आहेत, हे त्याला सांगायला हवे होते.

पण मी फार पुढे गेलो. आखाजीकडे परत येतो.

त्या वर्षी आखाजीला आम्हाला सुटी लागलेली होती. आदल्या दिवशी मोठ्या आईने वडिलांना खापर माळ्यावरून काढायला सांगितले. गोधडी सोडली तेव्हा आम्ही पहिल्यांदा ते नीट पाहिले. पालथ्या घातलेल्या मोठ्या पातेल्यासारखे, बाहेरून काळेभोर आणि गुळगुळीत. मोठ्या आईने त्यावर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टिचकी मारली आणि कान देऊन ऐकले. “चिरलेले नाही,” ती म्हणाली.

चुलीसाठी तिने मला धोंडे आणायला पाठवले. वाड्याच्या मागे एक जुनी भिंत ढासळली होती. तिथून मी नारळाएवढे तीन धोंडे निवडले आणि एकेक करून सदऱ्याच्या घोळात घालून अंगणात आणू लागलो. तिसरा आणताना ती हौदाजवळ उभी होती. सदऱ्याला पडलेला ताण पाहून तिच्या चेहऱ्यावर हसू फुटले. “आले का पदरात धोंडे? ठेव इथे. मांडे त्यांच्यावरच होतात.”

मी धोंडा खाली ठेवला. त्या एका वाक्याने माझ्या छातीवरचा किती मोठा धोंडा उतरला, ते मी तिला सांगितले नाही. बहुधा तिला ते दिसले असावे.

पहाटेपासूनच कामाला सुरुवात झाली होती. कणीक वस्त्रगाळ केलेली होती. ती सैलसर भिजवून मोठी आई आणि काकू आळीपाळीने तिंबत, उचलून परातीत आपटत. ‘धप्, धप्’ असा आवाज अंगणभर घुमे. ती इतकी आपटायची की ओढली तर रबरासारखी लांबली पाहिजे, तुटता कामा नये. मग तिला झाकून बराच वेळ मुरू द्यायचे. तिकडे आईने हरभऱ्याची डाळ शिजवून, गूळ घालून पुरण पाट्यावर अगदी मऊ वाटले. वेलदोड्याचा आणि जायफळाचा वास वाड्यात पसरला तशी वाड्यातली सगळी पोरे हौदाभोवती जमली.

कणीक मुरत होती तोवर मोठ्या आईने आम्हाला मुक्ताबाईच्या मांड्यांची कथा सांगितली. तुमच्यापैकी काहींनी ती ऐकली असेल. लहानग्या मुक्ताईला मांडे करायचे होते. पण या भावंडांचा द्वेष करणाऱ्या विसोबाने कुंभारांना ताकीद दिली की त्यांना खापर द्यायचे नाही. मुक्ताई रडत घरी आली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि म्हणाले, भाज यावर मांडे. विसोबाने ते पाहिले आणि त्याचा गर्व गळाला. पुढे तेच विसोबा खेचर नामदेवांचे गुरू झाले, असे परंपरा सांगते. मोठी आई ही कथा सांगताना ज्ञानेश्वरांच्या चमत्कारापाशी फार वेळ थांबली नाही. ती थांबली कुंभाराच्या दाराशी. “पोर रिकाम्या हाताने परत आली रे,” ती म्हणाली. “मांडे खायची इच्छा झाली म्हणून काय पाप झाले होते?”

मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिलो.

दहाच्या सुमारास चूल पेटली. लाकडे ओलसर होती. धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरले. खापर धोंड्यांवर पालथे घातले आणि खालून जाळ लावला. ते तापल्यावर मोठ्या आईने पाण्याचा शिंतोडा मारून पाहिला. थेंब नाचत नाचत नाहीसा झाला. तिने कणकेचा मोठा गोळा घेतला, त्यात तेवढेच पुरण भरले, तोंड मिटले आणि तळहातावर थापला. मग तो उजव्या हातावरून डाव्या हातावर आणि डाव्यावरून उजव्यावर असा झुलवू लागली. प्रत्येक फेरीला तो वाढत होता. तळहाताएवढा, ताटाएवढा, मग मनगटाच्या मागे, मग कोपरापर्यंत. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. तो इतका पातळ झाला की त्यातून तिच्या बांगड्या दिसू लागल्या. आणि तेवढ्यात तिचे हात थरथरले. मांडा मधोमध फाटला आणि पुरणासकट परातीत पडला.

कोणी काही बोलले नाही. माझ्या पोटात खड्डा पडला. म्हण खरी ठरते की काय!

मोठ्या आईने फाटलेल्या मांड्याकडे पाहिले, हात पुसले आणि म्हणाली, “हात विसरले आहेत. आठवण करून द्यावी लागेल.” दुसराही काठाला चिरला, पण तो तिने तसाच खापरावर टाकला. तिसरा मात्र असा काही झुलला की बेळगावच्या काकूंच्या तोंडून ‘अगबाई!’ निघून गेले. दोन्ही हातांवर पसरलेला तो मांडा तिने एका हिसक्यात खापरावर उतरवला. खापराच्या गोल पाठीवर तो चारी बाजूंनी चापून बसला. त्यावर फुगे आले, फुग्यांना तांबूस ठिपके पडले. तिने तो अलगद उचलला, घडी घातली आणि वर तूप सोडले.

पहिले ताट तिने वडिलांपुढे मांडले. आंब्याचा रस, शेजारी मांडा. वडिलांनी एक घास घेतला आणि बराच वेळ ते खाली मान घालून चावत राहिले. मग त्यांनी विचारले, “तू नाही का बसत?”

“बसेन,” ती म्हणाली. “आधी पोरांचे होऊ दे.”

त्या दिवशी नऊ मांडे झाले. त्यांतले चार धड होते, बाकीचे फाटके. वाड्यातल्या अकरा पोरांनी त्यांचा असा फडशा पाडला की धड कोणते आणि फाटके कोणते याची चौकशी कोणी केली नाही. काकूंनी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागून घेताना म्हणाल्या, “चव चांगली आहे. पण याला मांडे म्हणत नाहीत.” मांड्याची चव कशी होती हे मात्र मला सांगता यायचे नाही. पुरणपोळीपेक्षा तो मऊ होता, कागदासारखा पातळ होता, आणि त्याला धुराचा आणि मातीचा थोडा वास होता. एवढेच आठवते. आता खानदेशातल्या बायका बचत गटांच्या प्रदर्शनांत मोठाल्या खापरांवर मांडे करताना दिसतात. दिसले की मी थांबतो आणि त्यांचे हात पाहत उभा राहतो.

सर्वांत शेवटी मोठी आई जेवली. अर्धा मांडा खाऊन म्हणाली, “गावच्यासारखा नाही झाला. तिथल्या विहिरीचे पाणी निराळे.”

संध्याकाळी दिवा लागला. अंगणात चूल विझली होती. तिन्ही धोंडे काळे होऊन तिथेच पडले होते. शुभंकरोती झाली. मोठी आई भिंतीला टेकून बसली. तिच्या हातात माळ होती, पण ती ओढत नव्हती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “पुढच्या आखाजीला गावी जायला हवे. घर शाकारून घेऊ. पुढे ओटा बांधू.”

मी तिच्या मांडीवर डोके ठेवले आणि विचारले, “ओटा किती लांब बांधायचा, मोठ्या आई?”

“सगळ्यांची अंथरुणे मावतील एवढा.”

“बेळगावच्या काकूंचेही?”

“त्यांचेही घालू एका कडेला.”

वडिलांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ते बाजूला ठेवले आणि आमच्याकडे सरकून बसले. “आई,” ते म्हणाले, “ओट्याला पायऱ्या दोन ठेवू या की तीन?”